चार अपत्यांपैकी एक

नववी ‘अ’चे विज्ञान आपल्या नावासमोरून निघून सुकेशनी खिल्लारे यांच्या नावासमोर गेले आहे, हे आबासाहेब कच्छवे यांनी वेळापत्रकाच्या फलकासमोर उभे राहून तीनदा वाचले. पहिल्यांदा त्यांना वाटले, लिहिणाऱ्याने ओळ चुकवली असेल. दुसऱ्यांदा त्यांनी चष्मा पुसला. तिसऱ्यांदा मात्र संशयाला जागाच उरली नाही.

पूर्णेच्या त्या विद्यालयात नववीला आनुवंशिकतेचा पाठ होता आणि गेली सत्तावीस वर्षे तो आबासाहेबांच्या मालकीचा होता. बाकीचे पाठ कोणी शिकवले असते तरी त्यांची हरकत नव्हती. या एका पाठावर मात्र त्यांचे नाव उभे होते. फळ्याच्या मधोमध ते पट्टी न लावता सरळ चौकट काढीत, तिची चार घरे करीत. वरच्या अंगाला आईची दोन जनुके, डाव्या अंगाला बापाची दोन, आणि मग एकेका घरात त्यांची जोडी भरीत. शेवटी खडू खाली ठेवून, दोन्ही हात मागे बांधून, सावकाश सांगत: ‘दोन्ही पालक वाहक असल्यास चार अपत्यांपैकी एक आजारी, दोन वाहक, एक निरोगी.’ ते वाक्य त्यांनी अनेक वर्षे घासूनपुसून घडवले होते. त्यातला एक शब्द काढता येत नव्हता, एक घालता येत नव्हता. रेल्वेत नोकरीला लागलेले, शेतीत रमलेले त्यांचे जुने विद्यार्थी रस्त्यात भेटले की नमस्काराच्या आधी ते वाक्य म्हणून दाखवीत, आणि आबासाहेबांचा तो दिवस सुखात जाई.

ते तडक मुख्याध्यापक भगवानरावांच्या खोलीत गेले.

“नववी अ कामून बदलली?”

“बसा तर आधी,” भगवानराव म्हणाले. “पोरं मागायलेत म्हणून बदलली. आठवीला त्यांना खिल्लारे मॅडम व्हत्या, आता म्हणतेत त्याच पाहिजेत. सहा पालक येऊन गेले, आबासाहेब. सहा! तुमच्यासाठी कधी एक तरी पालक आला व्हता का? खरं सांगा.”

“माझ्याविरुद्धही आला नव्हता.”

“ते बी खरं हाय,” म्हणून भगवानराव मनमोकळे हसले आणि टेबलाच्या खणातून एक छापील नमुना काढून त्यांनी पुढे सरकवला. “तुमी पर्यवेक्षक. मॅडमची शिक्षण सेवकाची तीन वर्षं दिवाळीला पुरी व्हायलीत. पाठाचं निरीक्षण तुमीच करायचं, अहवाल तुमचाच जातो. तुमी शिफारस केली की त्या कायम. न्हाई केली तर मग संस्था बसली इचार करायला.”

आबासाहेबांनी कागदाची नीट चौपदरी घडी केली. आपला पाठ ज्या हाताने काढून नेला, त्या हाताचे भवितव्य आता आपल्या खिशात आहे, हे त्यांच्या ध्यानात आले. आणि या विचाराने आपल्याला बरे वाटले, हेही ध्यानात आले. दुसऱ्या जाणिवेला त्यांनी ‘कर्तव्यदक्षता’ असे नाव दिले.

गुरुवारी तिसऱ्या तासाला ते नववी ‘अ’च्या शेवटच्या बाकावर वही उघडून बसले. सुकेशनी खिल्लारे ही तिशीच्या आतली, सडपातळ, खणखणीत आवाजाची बाई. तिने पाठ्यपुस्तक उघडले नाही आणि फळ्यावर चौकट काढली नाही. आबासाहेबांनी वहीत पहिली नोंद केली: ‘आकृतीचा अभाव.’ मग तिने पिशवीतून फोडलेले चिंचोके काढले आणि दर बाकावर दोन-दोन फाका ठेवल्या. चिंचोक्याची पाठ तपकिरी, आणि फोडलेली बाजू पांढरीशुभ्र.

“एक फाक आई, एक बाप,” ती म्हणाली. “दोघंही धडधाकट आहेत, पण दोघंही वाहक. म्हणजे रक्त कसं बनवायचं याची सूचना प्रत्येकाकडं दोन प्रतींत लिहिलेली आहे. एक प्रत बरोबर, एक बिघडलेली. तपकिरी म्हणजे बरोबर, पांढरी म्हणजे बिघडलेली. बाळाला आईकडून एकच प्रत मिळते, बापाकडून एकच. कोणती मिळेल ते कोणी ठरवत नाही. आता टाका. दोन्ही पांढऱ्या आल्या तर बाळाला थॅलेसेमिया. दर दोन-चार आठवड्यांनी त्याला रक्त चढवावं लागेल. एक पांढरी आली तर ते आईबापासारखंच वाहक. प्रत्येकानं चारदा टाका, म्हणजे चार लेकरं. आपापलं कुटुंब वहीत लिहा.”

वर्गात एकच गलबला झाला. बावन्न मुलांची बावन्न कुटुंबे जन्माला येऊ लागली. “माझे चारीच्या चारी चांगले!” कोणी ओरडले. “मॅडम, माझे तीन गेले हो!” मंजुषा नावाची पुढच्या बाकावरची मुलगी रडवेल्या आवाजात म्हणाली, आणि तिची शेजारीण म्हणाली, “तुझा नवरा बदल मग!” सुकेशनीसह सारा वर्ग हसला.

आबासाहेबांनी लिहिले: ‘जुगारसदृश खेळ. शिस्तीचा अभाव.’

हशा ओसरल्यावर तिने फळ्यावर आकडे मांडले. एकही आजारी नाही अशी कुटुंबे सतरा. एक आजारी, बावीस. दोन आजारी, अकरा. तीन आजारी, दोन.

“बघा. चारांत बरोबर एक असं निम्म्या घरांतसुद्धा झालं नाही. पण सगळी लेकरं मोजली तर दोनशे आठांत पन्नास, म्हणजे चौथा हिस्सा जवळपास आलाच. चौथा हिस्सा गर्दीला लागू पडतो. एका घराला तो वाटून मिळत नाही. चिंचोक्याला मागचं आठवत नाही.”

आबासाहेबांची कानशिले तापली. तिने त्यांचे नाव घेतले नव्हते, त्यांच्या वाक्याचाही उल्लेख केला नव्हता. तरी फळ्यावर त्यांचेच वाक्य उभे करून कोणीतरी त्याचे कपडे उतरवले आहेत असे त्यांना वाटले. ते उठून उभे राहिले. निरीक्षकाने तास चालू असता बोलू नये, हा नियम त्यांनीच शाळेत लावला होता.

“खिल्लारे मॅडम, एक शंका. चिंचोक्याच्या दोन बाजू सारख्या नसतात. एक फुगीर, एक सपाट. पांढरी बाजू वर येण्याची शक्यता निम्मीच आहे हे आपण कशावरून गृहीत धरले?”



“चांगली शंका आहे, सर,” ती म्हणाली, आणि तिच्या चेहऱ्यावर खरोखरीचा आनंद दिसला. तोच त्यांना सर्वांत जास्त झोंबला. “मला पण तीच आली होती. चार दिवस मी आणि आई, दोघी घरी टाकत बसलो. प्रत्येक फाक पन्नास वेळा. ज्यांचं पांढरं तेवीस ते सत्तावीसमध्ये आलं तेवढ्याच आणल्या. बाकीच्या घासून पाहिल्या, नाही जमल्या त्या फेकल्या.”

आबासाहेब खाली बसले. एवढी काटेकोर मेहनत त्यांनी दुसऱ्या कोणाची पाहिली असती तर शिक्षकदालनात आठवडाभर तिचे गुणगान केले असते.

मधल्या सुट्टीत शिपाई आश्रुबा चहा घेऊन आला तो खिशात चिंचोके खुळखुळवीत. “सर, मला बी शिकवलं मॅडमनं. माझे चारी लेकरं चांगले निघाले. घरी सांगतो आता, नशीब काडून आलोय म्हणून.”

“चहा ठेव आणि जा,” आबासाहेब म्हणाले.

दाराशी मंजुषा वह्यांचा गठ्ठा घेऊन उभी होती. तिच्या थोरल्या भावाला आबासाहेबांनीच शिकवले होते. “सर, दादानं मला तुमची चौकट शिकवली व्हती. लय सोपी हाय. पाठ करायला.”

शेवटचे दोन शब्द तिने सहज जोडले होते. आबासाहेबांनी ते दिवसभर चघळले.

शनिवारी त्यांनी अहवालाचा कच्चा मसुदा लिहिला. भाषा नेहमीसारखीच निर्दोष उतरली: ‘सदर शिक्षिकेच्या अध्यापनाने विद्यार्थ्यांचे मनोरंजन होते, तथापि नियमाचे स्थिर ज्ञान होण्याऐवजी त्यांच्या मनात संभ्रम निर्माण होतो.’ पण पुराव्यावाचून विधान करणे त्यांच्या स्वभावात नव्हते. जुन्या पद्धतीने शिकवलेले वर्षानुवर्षे टिकते, याला काही आधार हवा होता. तेव्हा त्यांना हरिओम आठवला. पिंगळीचा हरिओम, सतरा वर्षांपूर्वीच्या तुकडीतला पहिला, मोत्यासारख्या अक्षराचा. दोन वर्षांपूर्वी एका लग्नात त्याने सांगितले होते, “सर, तुमची वही अजून जपून ठेवलीय.” ती वही अहवालाला जोडायची, असे आबासाहेबांनी ठरवले आणि रविवारी सकाळच्या गाडीने ते पिंगळीला उतरले.

हरिओमने अंगणात खाट टाकली, पाणी दिले, पाया पडला. त्याची आई कडूबाई उंबऱ्याशी बसून तुरीची डाळ पाखडत होती. बायको मनिषा त्याच्या सख्ख्या मामाची मुलगी, म्हणजे कडूबाईच्या भावाचीच लेक. तिच्या कडेवर आठ-नऊ महिन्यांचे बाळ होते आणि पदराला धरून सहा वर्षांची मुलगी. दोन्ही लेकरांचा रंग जुन्या कागदासारखा फिकट होता. मुलीच्या मनगटाजवळ सुईच्या जागी चिकटपट्टी लावलेली होती.

“वही हाय ना सर! तिच्यावरच तर आमचा संसार चाललाय,” हरिओम म्हणाला. त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता. तो आत जाऊन वही घेऊन आला, ठरलेले पान त्याच्या हाताने आपोआप उघडले, आणि आबासाहेबांच्या समोर त्यांची चौकट आली. खाली त्यांचे वाक्य, अधोरेखित. पण चौकटीत सतरा वर्षांपूर्वी नसलेली शाई होती. आजारी अपत्याच्या घरात ‘ओवी’ असे लिहिले होते. वाहकाच्या एका घरात पेन्सिलीने काहीतरी लिहून खोडले होते, इतके की तिथे कागद झिजला होता.

“ओवी सात महिन्यांची व्हती तवा कळलं,” हरिओम सांगू लागला. “दोघांचं रक्त तपासलं, दोघं बी वाहक. मला लगीच तुमची चौकट आठवली. हिला काडून दाखवली. म्हणलो, रडू नको, चारांत एक असतंय, ते आपलं येऊन गेलं. आता राहिलेले तीन मोकळे. परभणीच्या दवाखान्यातल्या बाई म्हणल्या व्हत्या, पुढच्या टायमाला दिवस राहिले की दहा-बारा आठवड्यांत या, पोटातल्या बाळाची तपासणी व्हती. मी म्हणलो, कामून? आमच्या सरांनी सांगितलंय.” त्याने बाळाकडे पाहिले. “आन् ह्यो समर्थ झाला. ह्याला बी तेच निघालं. सर, मला एक सांगा. ह्याला कोणत्या घरात लिवू? त्या घरात तर ओवी हाय.”

 प्रत्येक गर्भधारणा स्वतंत्र असते, हे आबासाहेबांना ठाऊक नव्हते असे नव्हे. सत्तावीस वर्षांपूर्वी त्यांनी ते वाचले होते, पहिल्या एक-दोन वर्षी शिकवलेही होते. पण त्याने वाक्य लांबत होते, त्याचा तोल जात होता, आणि परीक्षेत ते कोणी विचारीत नव्हते. म्हणून त्यांनी ते गाळले होते.

“कोणत्या का घरात असंना,” कडूबाई सूप थांबवून म्हणाली. “चार वाटे असतेत ना गुरुजी? दोन वाटे वाईट निघाले. मग राहिलेले दोन तर चांगलेच असतील की. मी म्हणून म्हणायलेय, अजून एक होऊ द्या. ह्या दोघांना बी रक्ताचं कुणी धडधाकट पाहिजे का न्हाई?”

मनिषा मान खाली घालून उभी होती.

“तसं नसतं, कडूबाई,” आबासाहेब म्हणाले.

“मग कसं असतं?”

त्यांनी खिशातून पेन काढले आणि वहीच्या मागच्या कोऱ्या पानावर चौकट काढली. चार घरे केली. जनुके लिहिली. तोंड उघडले, तर आतून तेच वाक्य बाहेर आले.

“तेच तर इथं लिवलंय, सर,” हरिओम नम्रपणे म्हणाला.

मग ते संभाव्यतेवर बोलले. घटनांच्या परस्परनिरपेक्षतेवर बोलले. वाक्ये शुद्ध होती, आणि समोरची तिन्ही माणसे ती वाक्ये आदराने ऐकत होती, जशी कीर्तनात न कळलेली संस्कृत ओळ ऐकतात. बोलता बोलता त्यांना जाणवले की या अंगणात आता काय सांगायला हवे ते एका बाईला नेमके ठाऊक आहे. आणि तिच्याकडे न जाण्यासाठी आपण गेली दहा मिनिटे धडपडतो आहोत. हरिओमच्या धाकट्या लेकराला आजार झाला याचे दुःख त्यांना झालेच होते. पण ‘तिला जमले असते’ हा काटा त्या दुःखाच्याही आत टोचत होता, आणि या वेळी त्याला ‘कर्तव्यदक्षता’ म्हणण्याचे धैर्य त्यांना झाले नाही.

“आमच्या शाळेत एक मॅडम आहेत,” ते शेवटी म्हणाले. “त्यांना हे माझ्यापेक्षा चांगले सांगता येते.”

सत्तावीस वर्षांत हे वाक्य त्यांनी कोणाविषयीच उच्चारले नव्हते. त्यांनी फोन लावला, चार शब्दांत प्रसंग सांगितला, कडूबाईचे ‘वाटे’ही सांगितले आणि आवाज मोठा करून फोन खाटेवर ठेवला.

“आधी मला लेकरांची नावं सांगा,” सुकेशनीचा आवाज आला.

आबासाहेब चपापले. घरात शिरल्यापासून त्यांनी एकाही लेकराला त्याचे नाव विचारले नव्हते. मनिषाने नावे सांगितली. ओवीला शेवटचे रक्त कधी चढवले, समर्थ दूध नीट पितो का, वारंवार रक्त चढवल्याने साठणारे लोह कमी करण्याचे औषध चालू आहे का, सुकेशनी विचारत गेली आणि मनिषाची मान हळूहळू वर आली.

“आजी, तुम्ही वाटे म्हणालात ना,” मग सुकेशनी म्हणाली, “वाटणीत काय होतं? एका भावाला जमीन दिली की ती संपली, ती दुसऱ्याला जात नाही. बरोबर?”

“बरोबर.”

“इथं काहीच संपत नाही. ओवीच्या वेळी आईबापाकडं जे होतं तेच्या तेवढं समर्थच्या वेळी पुन्हा होतं. पुढं झालं तर पुन्हा तेवढंच असणार. आधी किती झाले, कसे झाले, त्याचा संबंध नाही.”

कडूबाई फोनकडे झुकली. “म्हंजे दर टायमाला सातबारा कोराच?”

“हां आजी! दर वेळी सातबारा कोरा. नवी नोंद.”

“अरे माझ्या कर्मा,” कडूबाई म्हणाली, आणि सुपातली डाळ तशीच ठेवून तिने दोन्ही हात गुडघ्यांवर टेकले. “मग मी काय ह्या पोरीच्या मागं लागले व्हते गं बाई.”

कडूबाईला कळले होते. आबासाहेब शेतकऱ्याच्या घरात जन्मले होते. वाटण्या, सातबारा, बांध हे सारे त्यांच्या रक्तात होते. सत्तावीस वर्षांत हे आपल्याला का सुचू नये?

“मॅडम,” मनिषा एकदम म्हणाली, “मी जरा आत जाऊन बोलते,” आणि फोन उचलून स्वयंपाकघरात गेली. बाहेर नुसता तिच्या बांगड्यांचा आवाज येत राहिला.

दुपारच्या गाडीसाठी आबासाहेब पिंगळीच्या फलाटावर येऊन बसले तेव्हा वही त्यांच्याजवळ नव्हती. ती त्यांनी मागितलीच नाही. कच्चा मसुदा फाडून त्यांनी छापील नमुना गुडघ्यावर पसरला आणि एकेक रकाना भरायला घेतला. विषयज्ञान: उत्तम. साधनांचा वापर: उत्तम. विद्यार्थ्यांचा सहभाग: उत्तम. शिफारस: नियमित करण्यास पूर्णतः पात्र. हे सारे त्यांनी भराभर लिहिले, दात उपटून घेताना माणूस घाई करतो तसे. ‘त्रुटी’ या रकान्याशी मात्र पेन थांबले. तिथे काहीतरी असायलाच हवे होते. फळ्यावरचे अक्षर? चांगले होते. आवाज? चांगला होता. ‘तासाच्या अखेरीस उजळणी घेतली नाही,’ असे सुचले, पण तिने ती घेतली होती. रुळांच्या पलीकडे एक गाय चरत होती. आबासाहेब तिच्याकडे बघत त्रुटी शोधत राहिले.

फोन वाजला.

“सर, मनिषाताईंनी मला तुम्हाला सांगायची परवानगी दिली म्हणून सांगते,” सुकेशनी म्हणाली. “त्यांना सातवा आठवडा लागलाय. घरात कोणाला माहीत नाही. दहा ते बाराच्या दरम्यान तपासणी व्हायला हवी, त्यासाठी परभणीच्या दवाखान्यातून पुढं मोठ्या शहरात पाठवतील. दिवस थोडे आहेत. मी त्यांना म्हणाले, हरिओमदादांना आजच सांगा. त्या म्हणाल्या, सांगेन, पण तपासणीला ते तयार व्हायचे नाहीत. एकदा नको म्हणालेत. ते फक्त तुमचं ऐकतात.”

ज्या अंगणात आपण तासभर बसलो, तिथली ही गोष्ट एका परक्या बाईला फोनवर दहा मिनिटांत समजली. आबासाहेबांनी फोन कानापासून किंचित दूर धरला.

“सर? ऐकताय ना? मी सांगून उपयोग नाही. मी त्यांना समजावलं, ते समजले. पण इतकी वर्षं मनात बसलेलं माणूस माझ्या सांगण्यानं सोडणार नाही. ज्यानं बसवलं त्यानंच काढायला पाहिजे.”

हे तिने उद्धटपणे म्हटले असते तर बरे झाले असते. ती काळजीने म्हणत होती.

“आत्ता जातो,” ते म्हणाले. “दवाखान्यातही सोबत जाईन.”

“मला माहीत होतं,” ती म्हणाली.

हेही तिला माहीत होते. त्यांनी त्रुटीच्या रकान्यात ‘नाही’ असे लिहिले. दोन अक्षरे लिहायला त्यांना संपूर्ण अहवालापेक्षा जास्त वेळ लागला. तेवढ्यात पूर्णेकडे जाणारी गाडी आली, दोन मिनिटे थांबली आणि त्यांना न घेता निघून गेली.

गावाकडच्या रस्त्याने चालताना त्यांनी हरिओमला सांगायचे वाक्य जुळवायला घेतले. ‘मी तुला चूक शिकवले’ इथपासून सुरुवात करायची, हे नक्की होते. ते म्हणताना जीभ अडखळली, पण म्हणता आले. पुढचे जमेना. त्यांनी ते चार तऱ्हांनी रचून पाहिले. शब्द निवडले, क्रम बदलला, तोल साधला. प्रत्येक वेळी वाक्य व्यवस्थित उभे राही, आणि प्रत्येक वेळी तिचे कोऱ्या सातबाराचे वाक्य त्याच्याहून सरस ठरे. गावाची पहिली घरे दिसू लागली तेव्हा आबासाहेबांनी स्वतःचे चारही मसुदे सोडून दिले आणि तिचे वाक्य, एक शब्द न बदलता, पाठ करायला सुरुवात केली.